समाजमाध्यमांची झोनबंदी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत माणसं एकमेकांना दोनच प्रश्न विचारत होती. आयर्विनला किती झालं? आणि कोयनेतून किती सोडलंय? आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ च्या पुराच्या खुणा बुडाल्या आणि आमच्या गावभागातल्या घरात नदी जिन्याच्या निम्म्या पायऱ्या चढून आली. दिवे गेले होते. शेजारच्या गच्चीवरून मिळालेल्या पॉवर बँकेवर मी फोन जिवंत ठेवला होता, कारण नदीकाठच्या गावांसाठी आम्ही काही वर्षांपूर्वी एका मोठ्या अमेरिकी समाजमाध्यमावर काढलेला गट त्या रात्री कंट्रोल रूम झाला होता. कोणत्या गल्लीत बोट पोचली, कुणाच्या आईला इन्सुलिन हवंय, कुठल्या शाळेत जेवण मिळतंय, सगळं तिथे येत होतं.

त्या गटाचं मोल मला खऱ्या अर्थाने कळलं ते मात्र पूर ओसरल्यावर. पाणी का चढलं, यावर तिथे पुढची तीन-चार वर्षं चर्चा चालली. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची, धरणांतून पाणी सोडण्याचं वेळापत्रक, निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत उभे राहिलेले अपार्टमेंट, बुजवलेले नाले, पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ विसर्गाचे आकडे समजावून सांगत. कर्नाळ रोडकडच्या एका शेतकऱ्याने आपल्या रानात गाळ किती बसला ते वीतभर काठीने मोजून फोटो टाकले. एका शिक्षिकेने वाड्याच्या भिंतीवरच्या जुन्या पुरांच्या खुणा फुटपट्टी लावून नोंदवल्या. भांडणंही झाली आणि ती चांगली झाली. कारण पूररेषेतलं बांधकाम पाडा म्हणणारे आणि त्याच बांधकामात आयुष्याची कमाई घातलेले, असे दोघेही तिथे होते.

२०२३ मध्ये एका सकाळी गट उघडेना. समूहनियमांचा भंग झाल्याने तो काढून टाकला आहे, अशी इंग्रजीतली दोन ओळींची सूचना होती. कोणता नियम, कोणती पोस्ट, काहीच नाही. पुरात मेलेल्या जनावरांचे फोटो असतील, असा आमचा अंदाज. आम्ही दाद मागितली. काही मिनिटांत यंत्राने लिहिलेलं उत्तर आलं की निर्णय कायम आहे. केंद्र सरकारने त्याच वर्षी तक्रार अपील समित्या नेमल्या होत्या. पण आम्हाला त्यांचा पत्ता लागेपर्यंत तीस दिवसांची मुदत उलटली होती. फोटो, आकडे, खुणांच्या नोंदी, ती सगळी भांडणं, काहीही हाती राहिलं नाही.

आमच्या वाचनालयाला उद्या कुणी कुलूप लावलं, तर काय करायचं ते मला माहीत आहे. कार्यवाह कोण, सर्वसाधारण सभा कधी, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय कुठे, स्थानिक पत्रकार कोण. या गटाला कुलूप लावणाऱ्याचा मला चेहरा नव्हता, भाषा नव्हती, दारही नव्हतं. परकीय नियंत्रण हा शब्द मी त्याआधी फक्त भाषणांत ऐकला होता. त्या सकाळी तो आमच्या घरात आला.

अशा घटना फक्त आमच्याच वाट्याला आल्या असं नाही. गूगलने ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद केलं, तेव्हा ब्राझीलच्या खालोखाल भारतातली माणसं तिथे होती आणि मराठीतल्या कित्येक गटांच्या गप्पा त्याबरोबर गेल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका माणसाने ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकत घेतलं आणि पुढच्या काही महिन्यांत तिथले बरेचसे नियम बदलले. आपल्या पत्रकारांना, पुढाऱ्यांना, पोलीस खात्यांना त्यात काडीचंही मत नव्हतं. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियावर नवे निर्बंध लावताच मायक्रोसॉफ्टने गुजरातमधल्या वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या, रशियन भागीदारी असलेल्या नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, मग सेवा पुन्हा सुरू झाल्या. देशातली एक मोठी रिफायनरी, भारतातला कोणताही कायदा मोडलेला नाही, आणि ईमेल बंद. तेलाच्या कंपनीची ही गत, तर नदीकाठच्या गटाची काय कथा!

म्हणून मला वाटतं की सार्वजनिक चर्चेची जागा आपल्या हातात असायला हवी. हे मी पूर्ण गांभीर्याने म्हणते आहे. रस्ता, पाणवठा, चावडी, वाचनालय यांच्याइतकीच ती गावाची गरज आहे. प्रश्न एवढाच की ‘आपल्या हातात’ म्हणजे नेमकं कुणाच्या हातात.

त्याचं सोपं उत्तर गेली काही वर्षं दिलं जातंय. परदेशी ॲप काढा, देशी ॲप आणा. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्या वेळी टिकटॉकवर भारतातले सुमारे वीस कोटी लोक होते. खेड्यापाड्यातल्या ज्या मुलामुलींनी तिथे आपला प्रेक्षक मिळवला होता, त्यांचा तो प्रेक्षक एका रात्रीत गेला. काही भारतीय ॲप पुढे आली, पण पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केलं आणि बहुतेक गर्दी तिकडे गेली. चिनी मालकाच्या घरातून माणसं निघाली ती अमेरिकी मालकाच्या घरात शिरली. एकाही मुलीला आपला प्रेक्षक बरोबर नेता आला नाही.

दुसरं उदाहरण कू या ॲपचं. २०२० मध्ये बंगळुरूत सुरू झालेलं, पिवळ्या पक्ष्याचं, मराठीतही लिहिता येणारं. मंत्री तिथे गेले, सरकारी खाती गेली. ‘आपलं ट्विटर’ म्हणून कौतुक झालं. त्यातला मोठा पैसा टायगर ग्लोबलसारख्या अमेरिकी गुंतवणूकदारांचा होता, हा एक मुद्दा. पण समजा तो पैसा शंभर टक्के इथला असता, तरी पुढचं टळलं असतं का? कंपनी विकण्याची बोलणी फिसकटली, पैसा संपला आणि जुलै २०२४ मध्ये कू बंद झालं. तिथे ज्यांनी लिहिलं, त्यांच्यासाठी कू आणि ऑर्कुट यांच्यात काय फरक राहिला? तसं पाहिलं तर देशी-परदेशी ही रेघही आता पुसट आहे. २०२० मध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये घालून जवळजवळ दहा टक्के हिस्सा घेतला. मग जिओ कुणाचं म्हणायचं?

इथे मला उसाकडे वळावं लागतं. पश्चिम महाराष्ट्रात माझ्या वडिलांच्या पिढीला झोनबंदी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तुमचं रान ज्या कारखान्याच्या झोनमध्ये, त्याच कारखान्याला ऊस घालायचा. दर कमी दिला, तोड उशिरा दिली, काटा मारला, तरी ऊस झोनबाहेर नेता येत नसे. कारखाना परक्याचा नव्हता. सहकारी होता. शेअर शेतकऱ्याच्या नावावर, चेअरमन भावकीतला, सर्वसाधारण सभेला चहा-चिवडा. तरीही उसाच्या फडात उभा असलेला माणूस अडकलेला होता, कारण त्याला दुसरीकडे जाता येत नव्हतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ही गोष्ट नेमकी ओळखली. मालक बदला ही त्यांची मागणी नव्हती. बंदी उठवा, ही होती. नव्वदच्या दशकात झोनबंदी उठली आणि शेजारचा कारखाना जास्त दर देतो म्हटल्यावर आपल्याही कारखान्याला हलावं लागलं.

आजची समाजमाध्यमं ही झोनबंदी आहे. माझं लिहिणं, माझे फोटो, माझी ओळखपाळख, मला वाचणारी माणसं, सगळं एका आवारात. बाहेर जायचं तर एकटीने आणि मोकळ्या हाताने. फेसबुकवरून बाहेरच्या कुणाला हाक मारता येत नाही, एक्सवरून, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरून, फेसबुकवरच्या मावशीला उत्तर देता येत नाही. काट्याचंही तसंच. कोणती पोस्ट किती जणांना दिसेल हे ठरवणारा अल्गोरिदम म्हणजे कारखान्याचा वजनकाटा, आणि तो मालकाच्या केबिनमध्ये आहे. पूरपातळीची पोस्ट चाळीस जणांना दिसली आणि पूल कोसळल्याची खोटी पोस्ट चार हजारांना, असं आम्ही २०१९ मध्ये पाहिलं. का, ते विचारायला जागा नव्हती.

म्हणून देशी ॲप आलं, पण झोनबंदी तीच राहिली, तर मला त्यात स्वातंत्र्य दिसत नाही. मला हवं आहे ते खुलं जाळं. त्याची कल्पना नवी नाही, ईमेल तशीच चालते. माझा ईमेल एका कंपनीचा, तुमचा दुसऱ्या, कॉलेजचा तिसरा, तरी पत्रं पोचतात, कारण पत्र कसं पाठवायचं आणि कसं घ्यायचं याचा नियम कुणाच्या मालकीचा नाही. समाजमाध्यमासाठी असा नियम तयार आहे. ॲक्टिव्हिटीपब त्याचं नाव. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. मॅस्टोडॉन नावाची ट्विटरसारखी मुक्त प्रणाली त्यावर चालते. जर्मनीतल्या एका तरुण प्रोग्रॅमरने ती २०१६ मध्ये सुरू केली. सांगलीच्या वाचनालयाचा एक सर्व्हर, कोल्हापूरच्या विद्यापीठाचा दुसरा, बेळगावच्या एखाद्या मंडळाचा तिसरा, न्यू जर्सीच्या मराठी मंडळाचा चौथा. प्रत्येकाचे नियम वेगळे, ॲडमिन वेगळे, पण सांगलीत लिहिलेलं बेळगावात दिसतं आणि तिथून दिलेलं उत्तर इथे येतं. माझ्या सर्व्हरचा ॲडमिन डोईजड झाला तर मी खातं दुसऱ्या सर्व्हरवर हलवते आणि माझे वाचक माझ्याबरोबर येतात. जुन्या पोस्ट मात्र अजून सहजी हलत नाहीत, ही त्या प्रणालीतली खरी उणीव आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

मराठी माणसाला बंद आणि खुल्या व्यवस्थेतला फरक एकदा कळून चुकलेला आहे, फक्त आपण तो विसरलो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारं मानक, रुळण्याआधीचा काळ आठवा. डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी, कुणाकडे आकृती, कुणाकडे आणखी काही. कार्यालयातून टाइप करून आणलेली फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की ‘महाराष्ट्र’च्या जागी रोमन अक्षरं आणि टिंबांचा कचरा दिसायचा. ते फॉन्ट भारतीय कंपन्यांचेच होते, श्रीलिपी तर पुण्याची. त्यांच्यामुळे मराठी छपाई संगणकावर आली, ते ऋण मोठं आहे. पण प्रत्येकाचं अक्षरांचं कोष्टक वेगळं असल्याने मराठी मजकूर ज्या त्या सॉफ्टवेअरचा कैदी होता. त्या काळात टाइप झालेली कितीतरी पुस्तकं, दिवाळी अंक, ठराव आजही रूपांतराशिवाय वाचता येत नाहीत. सुटका झाली ती युनिकोडमुळे. त्याचं कार्यालय कॅलिफोर्नियात आहे. आणि त्यातली देवनागरीची मांडणी भारताने १९८८ मध्ये केलेल्या इस्की संहितेवरून घेतलेली आहे. आपलं काम जगाच्या खुल्या मानकात गेलं आणि सगळ्यांचं झालं. हा लेख तुम्ही कुठल्याही कंपनीच्या फोनवर वाचू शकता तो त्यामुळे.

मराठी विकिपीडियाही असाच. तो चालवणारी संस्था सॅन फ्रान्सिस्कोतली, पण त्यातला मजकूर आणि त्यामागचं सॉफ्टवेअर कुणालाही उतरवून घेता येतं. उद्या त्या संस्थेशी पटलं नाही, तर आख्खा मराठी विकिपीडिया घेऊन पुण्यात किंवा पणजीत पुन्हा उभा करता येईल. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मराठी माणसांनी सुरू केलं, तरी ते आपल्याला कधी परकं वाटलं नाही. आणि कू इथलं असून हातातून गेलं. सर्व्हर कोणत्या देशात आहे यापेक्षा निघून जायची मुभा आहे का, हिशेब कुणाला मागता येतो आणि नियम ठरवताना आपला हात वर होतो का, हे तीन प्रश्न मला जास्त मोलाचे वाटतात.

‘पण जाळं सरकारनेच का काढू नये?’ असं आमच्या बैठकीत एका ज्येष्ठांनी विचारलं. रस्ते सरकारचे, मग हेही. मला ते पटत नाही आणि त्याची कारणं महाराष्ट्रातच घडलेली आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने त्यावर प्रश्न विचारणारी पोस्ट लिहिली, तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली, आणि दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ हे कलम त्यांना लावलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द केलं. पुढे २०२३ मध्ये केंद्राने असा नियम केला की केंद्राच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा आहे की नाही हे केंद्राचाच कक्ष ठरवेल. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायाधीशांची मतं विभागली गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला. चर्चेचा मोठा भाग सरकारच्या कामाविषयीच असतो. आमच्या गटात तर पूररेषेतल्या परवानग्यांवरच सगळ्यात जास्त बोलणं व्हायचं. त्या चर्चेची चावी त्याच कार्यालयाकडे देऊन कसं चालेल?

आणि मालक आपला असला की सगळ्यांना दार उघडं असतं, असं समजणाऱ्यांनी १९२० आठवावं. केसरी हे परकीय सत्तेशी लढणारं पत्र, सत्तेविरुद्ध लिहिल्याबद्दल संपादकाने तुरुंगवास भोगलेला. पण बाबासाहेब आंबेडकरांनी मूकनायक काढलं, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला केसरीने नकार दिला, असं बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. मूकनायक निघू शकलं ते शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांमुळे, आणि ज्या पोस्टाने केसरी घरोघर जाई त्याच पोस्टाने दुसऱ्या कुणाचंही पत्र जाऊ शकत होतं म्हणून. स्वतःचं छापखान्याचं यंत्र आणि सगळ्यांना सारखं असलेलं पोस्ट, या दोन गोष्टी मिळाल्या की ज्याला कुणी जागा देत नाही त्यालाही बोलता येतं. खुल्या जाळ्यात सर्व्हर म्हणजे छापखाना आणि ॲक्टिव्हिटीपब म्हणजे पोस्ट. मला ही तुलना फार जवळची वाटते.

आता या मार्गात जे खरे अडथळे आहेत त्यांच्याविषयी. ऑक्टोबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं. नाझी सलाम ठोकणाऱ्या गर्दीत हात बांधून उभ्या राहिलेल्या एका जर्मन कामगाराचा १९३६ चा प्रसिद्ध फोटो त्यांनी लावला होता. रागावलेले हजारो भारतीय मॅस्टोडॉनवर गेले, आणि काही आठवड्यांत बहुतेक परत आले. मीही त्यांच्यात होते. कारण साधं होतं. ज्यांच्याशी बोलायचं ती माणसं तिकडेच राहिली होती. झोन सोडून गेलेला एकटा शेतकरी टिकत नाही. म्हणून नुसत्या निष्ठेवर, ‘तुम्हीही इकडे या’ अशा विनवण्यांवर हे काम होणार नाही. झोनबंदी कायद्याने उठली, हीसुद्धा तशीच उठवावी लागेल.

आणि हे आपल्याला जमतं, याचा पुरावा आपल्या खिशात आहे. मोबाईल कंपनी बदलली तरी नंबर आपलाच राहील, ही सोय जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. कंपन्यांनी ती आपणहून दिली नव्हती. यूपीआय २०१६ मध्ये आलं. एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर, कोणत्याही बँकेतून कोणत्याही बँकेत पैसे जायलाच हवेत, हा त्याचा मूळ नियम. यात फोनपे आणि गूगल पे या दोन ॲपकडे मिळून सुमारे ऐंशी टक्के व्यवहार आहेत. एकाची मालकी वॉलमार्टकडे, दुसरं गूगलचं. एका ॲपला तीस टक्के व्यवहारांची मर्यादा घालायचा निर्णय पुढे ढकलत ढकलत २०२६ च्या अखेरीवर नेला गेला आहे, ही चिंतेचीच बाब. तरी गूगलला इथे यायचं तर आपण आखलेल्या नियमांवर यावं लागलं, आणि भाजीवाल्या मावशींचा क्यूआर कोड कुठल्याही ॲपने चालतो. पैशाच्या बाबतीत जे आपण केलं, ते बोलण्याच्या बाबतीत का नको? युरोपने डिजिटल बाजार कायद्याखाली व्हॉट्सॲपला बाहेरच्या संदेशसेवांसाठी दार उघडायला लावलं आहे. व्हॉट्सॲपचे सगळ्यात जास्त वापरकर्ते मात्र भारतात आहेत आणि आपण ते मागितलेलंही नाही.

उलट होतं ते आपण सोडलं. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये केलेल्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याच्या मसुद्यात आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला तेव्हा तो हक्क त्यात उरला नव्हता. एका ओळीची तरतूद. ती असती, तर आमच्या गटाची निदान एक प्रत आम्हाला मागता आली असती. मराठी खासदारांनी अधिवेशनात विचारावा असा हा प्रश्न आहे, आणि मी आमच्या खासदारांना तसं लिहिलंही आहे.

अफवांचं काय, हा प्रश्न मला झोपू देत नाही, कारण त्याला पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली माणसं. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एकावेळी पाचच जणांना पुढे पाठवता येईल असं केलं. माणसं मेल्यावर, परदेशातल्या कार्यालयातून. खुल्या जाळ्यात अशी अफवा पसरणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण डवरी गोसावी कोण, ते कोणत्या महिन्यात कुठे फिरतात, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस त्या भागाच्या सर्व्हरवर बसलेला असेल, आणि लोक त्याला नावाने ओळखत असतील, तर पहिल्या तासात काहीतरी करता येईल. मराठीतला उपरोध, शिवी आणि धमकी यांतला फरक यंत्राला कळत नाही. त्या भाषेत वाढलेल्याला कळतो. द्वेष पसरवणाऱ्यांनी वेगळा सर्व्हर काढला तर इतरांना त्याच्यासाठी दार बंद करता येतं. २०१९ मध्ये गॅब या अमेरिकेतल्या अतिउजव्या जाळ्याने मॅस्टोडॉनचीच प्रणाली उचलली, तेव्हा बाकी बहुतेक सर्व्हरांनी तेच केलं.

हे काम करायचं कुणी? सर्व्हरचं भाडं हा लहान भाग आहे, काहीशे सभासदांसाठी ते महिन्याला दोन-तीन हजारांत भागतं. खरा खर्च माणसांचा आहे, रोज लक्ष ठेवणाऱ्यांचा, रात्री अकराला आलेली तक्रार वाचणाऱ्यांचा. ती माणसं पगारावर आणायची तर संस्था हवी. आणि संस्थांची महाराष्ट्रात वाण नाही. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली अनुदान घेणारी अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत. त्यांतल्या जिल्हा वाचनालयांनी जरी सुरुवात केली तरी जाळं उभं राहतं. कृषी विद्यापीठं आहेत. सहकार आहे. कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवर वारणानगरला १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात सत्तर गावं संगणकाने जोडली होती, उसाची नोंद आणि बाजारभाव गावातल्या केंद्रात दिसावेत म्हणून. हातात स्मार्टफोन यायच्या कितीतरी आधी, आणि एका सहकारी संस्थेच्या आधाराने. सहकारात घराणी कशी शिरली हे आम्ही पाहिलंय. म्हणून सहकारी सर्व्हरलाही खातं हलवण्याचा हक्क घटनेतच, म्हणजे संस्थेच्या उपविधीतच, लिहिलेला असावा.

सरकारने मालक होऊ नये, पण पहिलं मोठं गिऱ्हाईक जरूर व्हावं. जर्मनीच्या विदा संरक्षण आयुक्तांनी २०२० पासून तिथल्या सरकारी कार्यालयांसाठी मॅस्टोडॉनचा सर्व्हर चालवला. नेदरलँड्सने २०२३ मध्ये स्वतःचा काढला. आपल्या जलसंपदा विभागाने धरणांचा विसर्ग, महापालिकेने पाणीपातळी, जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांच्या सुट्ट्या आधी खुल्या जाळ्यावर टाकाव्यात आणि मग हवं तर परदेशी माध्यमांवर. आज उलटं आहे. मुसळधार पावसात सरकारी सूचना वाचायची तर मला एका अमेरिकी कंपनीत खातं असावं लागतं.

आम्ही सात जणांनी गेल्या उन्हाळ्यात एक लहान सर्व्हर भाड्याने घेतला. त्यावर आज एकशे चाळीस खाती आहेत. जुन्या गटातलं ज्यांच्या फोनमध्ये जे उरलं होतं, ते आम्ही मागून घेतोय. शिक्षिकाबाईंच्या वहीत खुणांच्या नोंदी होत्या, त्या पुन्हा चढवल्या. गाळाचे फोटो सापडले नाहीत. पावसाळ्यात एक मुलगा रोज सकाळी सहा वाजता आयर्विनवर जाऊन पातळी वाचतो आणि लिहितो, फूट आणि इंचांत. ते वाचणाऱ्यांतले काहीजण शिरोळचे आहेत, दोघं चिकोडीकडचे. त्यांच्याकडे पाणी आमच्यानंतर पोचतं. त्यातल्या एका बाईंनी परवा विचारलं, की त्यांच्या गावच्या मंडळाला वेगळा सर्व्हर काढायचा आहे, तर मराठी आणि कन्नड दोन्ही चालेल का. आम्ही त्यांना रविवारी वाचनालयात बोलावलंय.